सहा वेढे आणि एक बोल्ट

रात्रीचे पावणेबारा झाले आहेत, पण झोप येणं शक्य नाही. आज बोल्ट लालबुंद झाला! ज्योत नाही, तांब्याचा स्पर्श नाही. मी बनवलेल्या इंडक्शन हीटरच्या कॉइलच्या, म्हणजे वेटोळ्याच्या, पोकळीत नुसता धरला आणि पोलाद उजळत गेलं.

महिनाभर मी भलत्याच दिशेने राबलो. व्होल्ट वाढवले की उष्णता वाढेल, ही समजूत. म्हणून बारीक तारेचे शेकडो वेढे घातले. ठिणग्या उडाल्या, तारेवरचं एनॅमल जळालं, बोल्ट कोमटच राहिला. खरं तर तापवतात ते धातूत उठणारे भोवरा प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, आणि ते उठवायला कॉइलमधून भरपूर अँपिअर झपाट्याने उलटसुलट धावावे लागतात.

मग तांब्याच्या नळीचे फक्त सहा वेढे घातले. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत बारीक मीठ ठासलं, नंतर धुऊन काढलं. कॉइल साधारण १ मायक्रोहेन्रीची, जोडीला ०.३३ मायक्रोफॅरडचे सहा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर समांतर. हिशेबाने वारंवारता ११३ किलोहर्ट्झच्या आसपास येते. पुरवठा २४ व्होल्टचा, त्यातून जेमतेम काही अँपिअर घेतले जातात. पण कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात शिखराला शंभरएक अँपिअर झुलतात. इतक्या वेगाचा प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.२ मिलिमीटरमध्येच वाहतो, म्हणून पोकळ नळी पुरते आणि आतून पाणी खेळवता येतं. हे उमगलं तेव्हा फार आनंद झाला.

गेल्या आठवड्यात दोन मॉस्फेट, म्हणजे कॉइलचा प्रवाह आळीपाळीने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, जळून गेले. पुरवठा हळूहळू चढवला, प्रवाहाचं उलटसुलट आंदोलन सुरूच झालं नाही आणि दोन्ही एकदम चालू होऊन बसले. आता पूर्ण व्होल्ट एका झटक्यात देतो. बोटातली अंगठी आधी काढून ठेवतो, ती धातूचीच आहे.

आज सगळ्यात जास्त वेळ मी अमीटरकडे बघत होतो. बोल्ट गडद लाल, मग चेरीसारखा, आणि अचानक काटा खाली आला. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्व हरपतं आणि मग ते कमी प्रवाह ओढतं, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांदेखत घडताना पहिल्यांदाच पाहिलं. खात्री करायला पुरवठा बंद केला, बोल्ट विटेवर ठेवला आणि दोऱ्याला टांगलेलं चुंबक जवळ नेलं. ते सरळ लोंबत राहिलं. लाली ओसरू लागली, मी श्वास रोखून थांबलो, आणि दोरा हळूच बोल्टकडे कलला.