कली होगंगिल्ल्री

परवा बेळगावात शहापुरातल्या लाँड्रीत पांढरा शर्ट घेऊन गेलो. खानापूरकडे मित्राच्या बागेत काजूचे बोंडू खाल्ले होते, रस सांडला तेव्हा काहीच दिसलं नाही, घरी येऊन धुतल्यावर मात्र छातीवर नकाशासारखा तपकिरी डाग उगवला. (कुठल्या राज्याच्या नकाशासारखा ते सांगत नाही, आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.) लाँड्रीवाल्या अण्णांनी शर्ट उजेडात धरला, नखानं खरवडून बघितला नि म्हणाले, "कली होगंगिल्ल्री."

आता माझं कन्नड म्हणजे बसच्या पाट्या वाचून आलेलं कन्नड. चित्रकलेला चित्रकले म्हणतात, म्हणजे कले म्हणजे कला, एवढं पक्कं. बोलताना इकडे शेवटचा ए जाऊन ई येतो, मनेचं मनी होतं तसं कलेचं कली. तर मला ऐकू आलं, "कला जाणार नाही साहेब." मी उगाच खूश. घरी येऊन बायकोला सांगितलं, तिचं माहेर गोकाकचं, ती हसून हसून खाली बसली. डागालापण कलेच म्हणतात म्हणे, लिहायचंपण तसंच.

तेव्हापासून आपला डाग डोक्यात फिरायलाय. आजी दागिन्याला डागच म्हणायची. "पोरीच्या अंगावर दोन डाग तरी घाला की वो," असं ती लग्न ठरवायला आलेल्या माणसांना सांगायची आणि मी लहान, मला कळायचंच नाही की नव्या नवरीला कोण मुद्दाम डाग पाडतं. तिचे स्वतःचे चार डाग सावकाराकडे गेले ते परत आलेच नाहीत. आजोबांचे डाग वेगळे, एसटीतून उतरताना ओरडायचे, "सगळे डाग मोजून घे रे," म्हणजे ट्रंक, वळकटी, आंब्याची करंडी. आणि तीच आजी शेजारच्या कुणाबद्दल आवाज बारीक करून "डाग लागला हो त्या घराला" म्हणायची, तेव्हा मात्र आम्हा पोरांना बाहेर हाकलायचे. आता अंगावर एक डाग नाही म्हणजे बाई गरीब की चांगली, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शब्द मूळचा फारसी, डागल्याची खूण. अल्लाउद्दीन खिलजीनं सैन्यातल्या घोड्यांना डाग द्यायला लावलं, कारण लोक चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचे आणि नंतर तिथं मरतुकडं तट्टू उभं करायचे. म्हणजे तिथं बिनडागाचा घोडाच संशयाचा! मग त्या विस्तवावरूनच आपल्याकडं तोफपण डागतात. कावीळ झाली की दंडावर डागण्या द्यायचे, माझ्या काकांच्या दंडावर दोन वण शेवटपर्यंत होते, कावीळ कशानं गेली कुणास ठाऊक.

पण खरी गंमत बिब्ब्याची. पूर्वी धोबी कपडे ओळखायला बिब्ब्याच्या तेलानं खूण करायचे, वरनं चुना लावला की काळीकुट्ट, कपडा फाटला तरी जायची नाही. हा बिब्बा काजूचाच भाऊबंद, एकाच कुळातला. म्हणजे एका भावाचा डाग काढायला जायचं आणि धोब्यानं दुसऱ्या भावाचा घालून द्यायचा, असा व्यवहार. (हळद त्या मानानं गरीब. साबण लागला की लालभडक होऊन घाबरवते, पण दोन दिवस कडक उन्हात टाकली की फिकी पडते.)

शनिवारी शर्ट आणायला गेलो. अण्णांनी काय केलं माहीत नाही, बोंडूचा डाग बराच उतरलाय, लांबून चहाचा वाटतो. कॉलरच्या आत मात्र पेननं ४७ लिहिलंय, माझा नंबर. म्हटलं हे तरी जाईल ना, तर अण्णा पैसे मोजता मोजता मान वर न करता म्हणाले, "इल्ल्री, अद होगंगिल्ल."