लाल कमानींची विमानं

शनिवार, रात्री

विमानाचा रंग आत बसणाऱ्यासाठी नसतो. प्रवासी एअरोब्रिजमधून चालत थेट दारात शिरतो, सीटवर बसतो, आणि खिडकीतून त्याला दिसला तर पंख दिसतो. बाहेरून विमान कसं दिसतं हे बघायला उरतो आपण खालची माणसं. घाटकोपर-कुर्ल्याच्या गच्च्यांवरची, जरीमरीच्या टेकडीवरची, सिग्नलला थांबलेले रिक्षावाले, शाळेच्या मैदानातली पोरं. यातले कित्येक जण आयुष्यात विमानात बसलेले नसतात, पण डोक्यावरून कुठली कंपनी गेली ते बरोबर सांगतात. म्हणून कुठल्याही कंपनीची नवी लिव्हरी, म्हणजे विमानाची बाहेरची रंगसंगती, आली की माझं मत गच्चीवर ठरतं. जाहिरातीतले झळझळीत फोटो मी नंतर बघते.

आज दुपारी वारा समुद्राकडून होता, लँडिंग २७ नंबरच्या धावपट्टीवर चालू होतं, म्हणजे सगळी रांग आमच्या बाजूने उतरत होती. आई गच्चीत कुरडया उलटत होती. एअर इंडियाचं एक बोइंग ७८७ आलं, नव्या रंगातलं. तिने कपाळावर हात धरून वर बघितलं.

"हे कुठलं गं?"

"एअर इंडिया. नवा रंग आहे."

"मग त्याच्या खिडक्या कुठे गेल्या?"

तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. खिडक्यांभोवतीच्या लाल कमानी. आईला बोइंग आणि एअरबसमधला फरक कळत नाही, कळून घ्यायचाही नाही. तिच्यासाठी विमानांचे दोनच प्रकार: लाल खिडक्यांचं आणि इतर.

त्या कमानी आल्या १९७१ साली, पहिल्या जंबोबरोबर. बोइंग ७४७, नाव 'एम्परर अशोक'. एवढं मोठं विमान मुंबईने तोवर आपलं म्हणून पाहिलेलं नव्हतं, आणि कंपनीने ते 'आकाशातला महाल' म्हणून लोकांपुढे आणलं. महाल म्हटल्यावर झरोके हवेत, म्हणून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी धाटणीची कमान काढली. मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं. विमानाच्या खिडक्या म्हणजे एकसारख्या भोकांची लांबलचक रांग. बहुतेक कंपन्या त्यांच्यावरून एक पट्टा ओढून मोकळ्या होत. इथे कुणीतरी त्या भोकांकडेच बघितलं आणि त्यातून इमारत उभी केली. जमिनीवरून बघणाऱ्याला खरोखरच महालाची भिंत सरकत चालल्यासारखी दिसायची.

तेच 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. मुंबईच्या जुन्या लोकांना त्या विमानाचं नाव अजून आठवतं. माझ्या मते त्याचं एक कारण असं की विमानाला नाव होतं. पुढच्या जंबोंनाही राजांची नावं होती, एकाचं तर 'शिवाजी'. आजच्या विमानांना रजिस्ट्रेशन असतं, व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं; ती आमच्यासारखे वहीत लिहून ठेवणारे सोडले तर कुणाच्या लक्षात राहणार?

रविवार

कालचंच डोक्यात आहे. आईला रंगावरून विमान ओळखावं लागतं, मला आकारावरून ओळखता यायला हवं. पण तेही दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

जंबोला कुबड होतं. ते कितीही लांब असलं तरी चुकायचं नाही. एअरबसचं ए३८० दुमजली, तेही चुकत नाही. पण जंबोचं उत्पादन संपलं, शेवटचं, १५७४ वं, विमान जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला दिलं. ए३८० त्याआधीच, २०२१ मध्ये, २५१ विमानांवर थांबलं. आता जे येतं ते दोन इंजिनांचं, लांब नळीचं, मागे एक शेपूट. त्यात काटकसर आहे, कमी इंधन आहे, आणि शांतता आहे. हे सगळं मला मान्य आहे, हवंच आहे. फक्त ओळखायच्या खुणा बारीक झाल्या.

मग डोळा त्या बारीक खुणांवर बसवावा लागतो. ७८७ च्या इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते, आवाज कमी व्हावा म्हणून. पंखाची टोकं मागे ओढलेली, आणि उडताना पंख असा वर वाकतो की खालून धनुष्य दिसतं. एअरबसच्या ए३५० ची इंजिनं काठाला गुळगुळीत, पंखाचं टोक वर वळत वळत जातं, आणि कॉकपिटच्या काचांभोवती काळा पट्टा, डोळ्यांवर मुखवटा चढवल्यासारखा. हा मुखवटा मला मनापासून आवडतो. त्याने विमानाला चेहरा येतो. बाकीच्या विमानांना नाक असतं, ए३५० ला नजर आहे.

आवाजावरूनही ओळखता यायचं. जुनी ए३२० उतरायला लागली की एक घुमरी शीळ ऐकू येते. पंखाखाली इंधन टाकीच्या दाबासाठी गोल भोकं आहेत, त्यांच्यावरून वारा गेला की बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होतो तसा आवाज होतो. आता त्या भोकांच्या अलीकडे छोटा पत्रा बसवून हवा विस्कटतात, की शीळ बंद. खाली राहणाऱ्यांसाठी हे चांगलंच झालं. लहानपणी मात्र मी झोपेतसुद्धा त्या शिळेवरून "एअरबस" म्हणायचे.

तर आकार सारखे झाले, आवाज विरत चालले, म्हणजे ओळख पटवायचं सगळं ओझं रंगावर आलं. आणि नेमक्या याच काळात कंपन्या पांढऱ्या होत गेल्या. पांढरा सोयीचा आहे. ऊन परतवतो, चटकन फिकट दिसत नाही, आणि भाड्याने घेतलेलं विमान परत देताना फक्त शेपूट आणि नाव खरवडलं की झालं. आपल्याकडची निम्म्याहून जास्त विमानं भाड्याचीच. त्यामुळे बघावं तर पांढरी नळी, शेपटीवर एक चिन्ह. दुपारच्या उन्हात खालून ते चिन्हही दिसत नाही.

नव्या विमानांचं अंग बदललं त्याचाही रंगावर परिणाम झाला, हे फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकन एअरलाइन्सची विमानं कित्येक दशकं बिनरंगाची होती, घासून लखलखीत केलेलं ॲल्युमिनियम आणि त्यावर तीन रंगांचे पट्टे. उन्हात ती अशी चमकायची की दुसरी ओळख लागायचीच नाही. पण ७८७ चं अंग कार्बन फायबरचं, ते घासून चमकत नाही, रंगवावंच लागतं. २०१३ मध्ये त्यांनी चंदेरी विमानं सोडली, त्याचं हे एक मोठं कारण. ७८७ मध्ये वजनाच्या हिशेबाने निम्मं असंच कंपोझिट, म्हणजे धातूऐवजी धागे आणि राळ मिळून केलेलं, ए३५० मध्ये त्याहून थोडं जास्तच. म्हणजे धातूची चमक मोठ्या विमानांवरून आता कायमची गेली. उरला फक्त रंग, आणि तो तरी धीटपणे लावावा अशी माझी अपेक्षा आहे.

जपान एअरलाइन्सचं उदाहरण मला सारखं आठवतं. शेपटीवर लाल क्रौंच, पंख पसरून गोल केलेला. २००२ पासून त्यांनी तो काढायला घेतला आणि अर्धवट सूर्याचा लाल तुकडा आणला. २०१० च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली. सावरल्यावर, २०११ मध्ये, नव्याने सुरुवात करताना त्यांनी पहिल्यांदा काय परत आणलं, तर तो क्रौंच. खर्चाला कात्री लावायच्या दिवसांत! त्यांना कळलं होतं की लोकांच्या मनात जागा या पक्ष्याची आहे.

लुफ्थान्सानेही २०१८ मध्ये शेपटीवरचा पिवळा काढला, शंभर वर्षांचा क्रौंच गडद निळ्यावर पांढरा ठेवला. पक्षी राहिला हे बरं. पिवळा मात्र ढगाळ दिवशी किती लांबून दिसायचा!

सोमवार, उशिरा

आता एअर इंडियाबद्दल. इतके दिवस टाळत होते, कारण आनंद आणि हुरहूर दोन्ही एकत्र आहे.

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे परत गेली तेव्हा आमच्या विमानं बघणाऱ्यांच्या गटात कुणी पेढे वाटले, कुणी नुसतंच फोनवर रडलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी छोटं पस मॉथ घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तिथून जे सुरू झालं ते १९५३ मध्ये सरकारकडे गेलं आणि आता परतलं. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर. त्यात ४० ए३५०, १० त्या घडीच्या पंखांच्या ७७७एक्स. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला होता. ज्या कंपनीची विमानं सुट्या भागांसाठी हँगरमध्ये उभी असायची, तिने हे करावं!

१० ऑगस्ट २०२३ ला नवी लिव्हरी आली. लाल, वांगी जांभळा, सोनेरी. चिन्हाचं नाव 'द व्हिस्टा', आणि ते काढलंय जुन्या झरोक्याच्या कमानीच्या टोकावरून. डिसेंबरच्या २३ तारखेला पहिलं ए३५०, व्हीटी-जेआरए, दिल्लीला उतरलं. मूळ रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधलेलं, निर्बंधांमुळे आपल्याकडे आलेलं. त्याचं पहिलं प्रवासी उड्डाण २२ जानेवारी २०२४ ला बेंगळुरूहून मुंबईला, म्हणजे आमच्याच आकाशात. मागच्या पोटाशी लाल-जांभळा झोत वर चढत शेपटीवर जातो, तो सकाळच्या तिरप्या उन्हात सुंदरच दिसतो. जांभळा फार चांगला निवडलाय. आणि तो काळा मुखवटा. आवाज कानावर यायच्या आधी विमान डोक्यावर येतं.

पण कमान गेली. चिन्हात तिचं टोक तेवढं उरलंय, आणि ते कशाचं टोक आहे हे सांगावं लागतं. झरोका कुणाला सांगावा लागत नव्हता. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही. नवं काही करूच नये असं मी म्हणत नाही. १९८९ मध्येही जुनी ओळख बाजूला सारून नवा रंग आणला होता. लोकांना तो रुचला नाही आणि कमानी परत आल्या. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं तेव्हा शेपटीवर लाल हंस आणि त्यात कोणार्कचं चक्र आलं, तेव्हाही खिडक्यांना हात लावला नव्हता. इतके मालक, इतके मंत्री, इतके सल्लागार येऊन गेले, कमानी टिकल्या होत्या.

कंपनीचं बोधचिन्ह असलेल्या महाराजाचंही तेच. १९४६ मध्ये कंपनीचे बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत तो घडवला, वाकून नमस्कार करणारा, लांब मिशांचा. त्याला आता आतल्या बाजूच्या मानाच्या जागा दिल्यात. ठीक आहे. तो तसाही आतल्या पाहुणचाराचाच माणूस होता. झरोके बाहेरचे होते, आमचे होते.

'विस्तारा' या विमान कंपनीचा रंग जाताना मला वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने. १२ नोव्हेंबर २०२४ पासून ती कंपनी एअर इंडियात मिसळली. वांगी आणि सोनेरी, इतका शांत, नेटका रंग आपल्याकडे दुसरा नव्हता. नव्या एअर इंडियातला जांभळा बघितला की वाटतं, तिचा थोडा अंश तिथे राहिलाय.

जेट एअरवेजचा निळा-पिवळा १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबला. त्यावर आज लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे ७८७ पडलं ते जुन्या रंगातलं होतं. वसतिगृहाच्या इमारतीत अडकलेली ती शेपूट सगळ्यांनी पाहिली. कर्मचाऱ्यांत पनवेलची, डोंबिवलीची, बदलापूरची माणसं होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी गच्चीवर गेले नाही. रंग, चिन्ह, गणवेश हे सगळं बोलायचा हक्क कंपनीला सुरक्षितपणे उडवल्यावर आणि उतरवल्यावरच मिळतो. हे मला आधीही माहीत होतं, पण तेव्हापासून ते प्रत्येक लँडिंगला मनात येतं. चाकं टेकेपर्यंत मी आता नजर काढत नाही.

एअर इंडिया एक्स्प्रेसचं मला कौतुक करायचंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचं नवं ७३७ मॅक्स आलं, शेपटीवर बांधणीच्या कापडाची नक्षी. मग वेगवेगळ्या प्रांतांचे कपड्यांचे नमुने वेगवेगळ्या शेपट्यांवर. स्वस्त तिकिटांची कंपनी, पण शेपटी बघण्यात सगळ्यात जास्त गंमत तिच्याच. आज कुठली येणार हे माहीत नसतं, म्हणून वाट बघावीशी वाटते. इंडिगोकडे विमानं सर्वांत जास्त, ए३५० ची मोठी ऑर्डरही त्यांनी दिली आहे, आणि तो निळा लांबून अचूक ओळखू येतो. पण निळा म्हणजे निळा. ए३५० सारखं विमान येईल तेव्हा त्यांनी त्याला साजेसं काही तरी करावं.

आणि झरोक्यांबद्दल माझी मागणी अशी. २२ एप्रिल २०२४ ला शेवटच्या जंबोंपैकी 'आग्रा' मुंबईहून अमेरिकेत मोडीत जायला निघालं. उडाल्यावर वैमानिकाने पंख डावीकडे-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. सगळ्या कमानी त्या उन्हात स्पष्ट दिसत होत्या. विस्ताराने २०१८ मध्ये एका ए३२० ला जुन्या टाटा एअरलाइन्सचा रंग दिला होता, म्हणजे हे अशक्य नाही. १५ ऑक्टोबर २०३२ ला जेआरडींच्या त्या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. एका ए३५० ला, फक्त एकाला, नाकापासून शेपटीपर्यंत प्रत्येक खिडकीभोवती लाल कमान काढा, एका बाजूला देवनागरीत कंपनीचं नाव लिहा, आणि विमानालाही एक नाव द्या. राजाचं नको असेल तर नदीचं ठेवा, गडाचं ठेवा. आणि ते विमान त्या दिवशी मुंबईला २७ वर उतरवा, दुपारी, ऊन असताना.