पिशवीवरचा क्रमांक

दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या माझ्या लेकीला आज दुसऱ्यांदा रक्त चढवले. एका सिस्टरांनी पिशवीवरचा क्रमांक वाचला, दुसऱ्यांनी तो कागदाशी पडताळला, आणि तो गेल्या वेळचाच आहे हे कळताच माहेरचे माणूस भेटावे तसा मला आनंद झाला. त्या आनंदाने मी दिवसभर अस्वस्थ आहे.

यात नवल काहीच नाही. एकाच रक्तदात्याच्या रक्ताचे लहान लहान पिशव्यांत वाटे करून ते बाळाच्या नावाने राखून ठेवतात, म्हणजे पुन्हा गरज पडली तर आणखी एका नव्या माणसाचे रक्त तिच्या अंगात जात नाही. पण गेल्या वेळी हाच क्रमांक पाहून मी ढसाढसा रडले होते. ‘माझे घ्या,’ असे मी म्हणाले, तेव्हा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे घेत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले.

डॉक्टरांनी नीट समजावले होते. बाळाला आईकडून लोह मिळते ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि ते महिने तिच्या वाट्याला आलेच नाहीत. तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन तिचे शरीर अजून पुरेसे तयार करत नाही. आणि तिच्या पेशी मोठ्या माणसाच्या पेशींसारख्या 120 दिवस टिकतही नाहीत. एवढ्या सगळ्यातून मी ऐकले ते एकच, की माझे देणे अपुरे राहिले. आईंनी त्यावर जे म्हटले ते इथे लिहीत नाही.

शिवाय तपासण्या. किलोभरही वजन नसलेल्या तिच्या अंगात सगळे मिळून 90 मिलीलीटरच्या आतबाहेर रक्त, त्यातले अर्धा मिलीलीटर काढणे म्हणजे माझ्यातले पंचवीसेक मिलीलीटर काढण्यासारखे. तिच्या टाचेवरचे टोचल्याचे ठिपके मी रोज मोजत असे.

या वेळी हिमोग्लोबिन उतरत असताना डॉक्टर आठवडाभर थांबले, तेव्हा मला त्यांचा राग आला. रक्त लवकर चढवले किंवा थोडे थांबून चढवले, तरी मुलांच्या जगण्यात आणि दोन वर्षांपर्यंतच्या वाढीत फरक पडला नाही, असे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसले आहे; ते वाचल्यावर राग ओसरला, धास्ती राहिली. मग वजन वाढेना, श्वास मधेच थांबू लागला, आणि आज निर्णय झाला.

सिरिंजमध्ये जेमतेम 15 मिलीलीटर होते. पंप ते चार तास ढकलत होता आणि नळीतली लाल रेघ मला कळणारही नाही इतकी हळू सरकत होती. कोणीतरी कधीतरी हात पुढे केला होता, आणि त्या माणसाला तिचे नावही ठाऊक नाही. गेल्या वेळी त्याचा मला मत्सर वाटला होता, हे आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल करते आहे.

संध्याकाळी तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी दिसल्या. त्या रक्ताचा आणखी एक वाटा तिच्या नावाने शिल्लक आहे. तो लागू नये, आणि लागलाच तर क्रमांक हाच असावा.