आमची वाटचाल : वाळू सामायिक, गिऱ्हाईक ज्याचं त्याचं

आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आहे, आणि शेजारच्या फाउंड्रीवाल्यांबरोबर आम्ही वापरलेली वाळू पुन्हा कामाची करणारं सामायिक केंद्र चालवतो. विजेच्या मोटारच्या बॉड्या, पंपाची केसिंग, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट अशी ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या दोन प्रकारच्या बिडाची कास्टिंग आम्ही ओततो. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मोल्डरचं, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याचं, काम शिकले आणि पुढे स्वतःची बीड वितळवायची क्युपोला भट्टी घालून धंद्यात उतरले. त्या काळी कोल्हापुरातली बहुतेक ओतकामं शेतीच्या ऑइल इंजिनांच्या ऑर्डरींवर चालायची. इंजिनाचा जमाना सरला, पण ओतकामाचा हात गावात राहिला, आणि पंप, मोटारी, वाहन उद्योग यांच्या ऑर्डरी त्या हाताला मिळत गेल्या.

उद्यमनगर अपुरं पडायला लागल्यावर कारखाने शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत गेले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झालं. आप्पांच्या पिढीसाठी सरकारशी भागीदारी म्हणजे महामंडळानं जमीन संपादन करायची, रस्ता, पाणी, दिवे आणायचे आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्लॉट द्यायचा. प्लॉटच्या कुंपणाच्या आत काय होतं ते ज्यानं त्यानं बघायचं. ही व्यवस्था कमी मोलाची होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिच्याशिवाय आप्पांसारख्या माणसाला गावठाणातल्या शेडमधून बाहेर पडता आलं नसतं.

आमच्या पिढीची अडचण मात्र कुंपणाच्या आतच साचत होती, आणि तिचं नाव वाळू. एक टन कास्टिंग काढायला साधारण चार-पाच टन वाळूचे मोल्ड, म्हणजे साचे, लागतात. आमच्याकडे सिलिका वाळू घाटाखालून, सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून येते. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी घालून ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, तयार होते. हीच वाळू पुन्हा पुन्हा वापरतात, पण दर फेरीत काही भाग जळतो, मरतो आणि बाहेर काढावा लागतो. कोअरची, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची, वाळू त्याहून वाईट, कारण तिच्यात कण चिकटवायला रेझिन नाहीतर सोडियम सिलिकेट असतं. प्रत्येक शेडमागे काळ्या वाळूचा ढीग. पावसाळ्यात तो वाहून गटारात जायचा आणि शेजारच्या गावातून तक्रार यायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तिच्या विल्हेवाटीची अट असतेच. एकीकडे जुनी वाळू टाकायला पैसे द्या, दुसरीकडे नवी वाळू घाट चढवून आणा.

वाळू पुनर्प्राप्तीचा प्लँट बसवायचा विचार मी एकट्यानंही करून पाहिला. हिशेब जुळण्यासारखा नव्हताच. आमच्या एवढ्याशा वाळूवर तो प्लँट दिवसातला थोडाच वेळ चालला असता आणि बँकेचा हप्ता मात्र पूर्ण महिन्याचा आला असता. शेजारच्या फाउंड्रीवाल्यांचा हिशेबही असाच अडलेला होता. तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रातल्या एका अधिकाऱ्यानं आम्हाला एकत्र बसवलं. सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्रासाठी केंद्र सरकारचं अनुदान मिळतं, राज्याचाही हातभार लागतो आणि उरलेला पैसा उद्योजकांनी एसपीव्ही, म्हणजे या कामापुरती स्वतंत्र कंपनी, काढून भरायचा, हे त्यानं समजावून सांगितलं. आम्ही प्रस्ताव दिला तेव्हा केंद्राचा वाटा प्रकल्पखर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत होता. २०२२च्या सुधारित नियमांत ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला ७० आणि १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के, असे टप्पे पडले आहेत. त्या अधिकाऱ्याची पुढे बदली झाली, पण फाइल उभी राहिली ती त्याच्यामुळे.

लोक विचारतात की सरकारी पैसा मिळवायला किती खेटे घालावे लागले. खेटे होतेच. आधी समूहाचा निदान अहवाल, मग डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मग राज्यस्तरीय समितीची शिफारस, मग दिल्ली. जागा एसपीव्हीच्या नावावर हवी आणि सभासदांचा वाटा आधी खात्यात दिसला पाहिजे. अनुदान हप्त्याहप्त्यानं, खर्चाचे दाखले तपासूनच सुटतं. एक हप्ता लांबला तेव्हा यंत्र पुरवणाऱ्यानं माल अडवून धरला आणि आम्ही सभासदांनी हातउसने पैसे गोळा करून तो सोडवला. त्रास झाला, तरी आमचा वाटा आधी घेण्याची अट मला योग्य वाटते. खिशातला पैसा अडकलेला नसता तर आमच्यातले निम्मे लोक उद्घाटनाच्या फोटोपुरते आले असते.

खरी परीक्षा आमच्या आपसातल्या बैठकांत होती. आम्ही सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. एकाच पंप कंपनीच्या खरेदी विभागाबाहेर एकाच बाकावर बसलेले. "माझ्या वाळूवरून माझा जॉब कळणार," हा पहिला आक्षेप. "त्याची घाण वाळू माझ्या वाळूत मिसळणार," हा दुसरा, आणि तो धातुशास्त्राच्या दृष्टीनं अगदी खरा होता. सीओटू पद्धतीच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेल्या, कोअरमध्ये सोडियम सिलिकेट असतं. ते भट्टीत जळून जात नाही, त्यातला सोडा कणांना चिकटून राहतो आणि वाळूची उष्णता सोसण्याची ताकद घटते. रेझिनची वाळू मात्र तापवली की स्वच्छ होते. दोन्ही एकत्र टाकल्या तर चांगलीही वाया जाते. म्हणून आम्ही आवारात वेगवेगळे कप्पे बांधले. गाडी काट्यावर आली की ऑपरेटर आधी मूठभर वाळू घेऊन प्रयोगशाळेत देतो. जळून किती वजन घटतं आणि त्यात माती किती, हे बघितल्यावर कप्पा ठरतो. त्यानंतर ढेकळं फोडायची, चुंबकानं लोखंडाचे थेंब वेचायचे, भट्टीत बाइंडर, म्हणजे कण चिकटवणारा पदार्थ, जाळायचा, कण घासून धूळ ओढून घ्यायची आणि चाळून दाण्याचा एएफएस नंबर, म्हणजे बारीकपणा, तपासायचा. पोत्यावर सभासदाचं नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक. कोणाची वाळू किती आली याची वही व्यवस्थापकाशिवाय कोणाला दिसत नाही, अगदी अध्यक्षालाही नाही. हा नियम आम्ही भांडून भांडून घडवला, आणि केंद्र टिकलं ते त्याच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सामायिक काय करावं आणि काय करू नये, हे या सगळ्यात शिकायला मिळालं. डीपीआर लिहिणाऱ्या सल्लागाराला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र, केंद्रात हवा होता. कागदावर ते छान दिसतं. पण विजेवरच्या इंडक्शन भट्टीत धातू तयार आहे, मिस्त्रीनं चिल सॅम्पल, म्हणजे पटकन गोठवलेला धातूचा नमुना, काढलंय आणि कार्बन-सिलिकॉन किती हे कळल्याशिवाय लॅडल, म्हणजे धातूचं भांडं, ओतता येत नाही. अशा वेळी पोरगं मोटरसायकलवरून सॅम्पल घेऊन केंद्रात जाणार, रांगेत थांबणार, तोवर भट्टी युनिटं खात धातू गरम ठेवणार. एसजी आयर्नचं तर त्याहून अवघड, मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर काही मिनिटांत त्याचा परिणाम उतरायला लागतो. आम्ही हट्ट धरला की स्पेक्ट्रोमीटर ज्याचा त्यानं घ्यावा आणि केंद्रात ताणचाचणीचं यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि वाळूची प्रयोगशाळा असावी. ज्या कामाला एक दिवस थांबता येतं ते एकत्र करावं, ज्याला पाच मिनिटंही थांबता येत नाही ते शेडमध्येच हवं. सरकारी प्रस्तावात यंत्रांची यादी भरताना हे बोलायला चालवणारा माणूस टेबलावर लागतो. तो नसला की अनुदानाची यंत्रं प्लॅस्टिकच्या आवरणात पडून राहतात, आणि तशी मी इतर ठिकाणी पाहिली आहेत.

अनुदान भांडवलाला मिळतं. रोजचं वीजबिल, गॅस, पगार हे सेवाशुल्कातूनच निघालं पाहिजे. सुरुवातीला सभासदांना दर इतका कमी हवा होता की भट्टीचा गॅससुद्धा सुटला नसता. शेवटी नव्या वाळूचा घाटावर पोहोच भाव धरून त्याच्या खाली, पण खर्चाच्या वर असा दर ठरला. बिगरसभासदाला थोडा जास्त. आता नवी वाळू आम्ही पूर्वीपेक्षा खूपच कमी मागवतो, शेडमागचा ढीग गेला आणि त्या जागेवर मशिनिंगची दोन यंत्रं उभी आहेत. पूर्वी आम्ही कच्चं कास्टिंग द्यायचो, आता काही जॉब मशिनिंग करूनच जातात.

या भागीदारीत मोठ्या खासगी कंपन्यांचाही एक वाटा आहे, आणि तो अजून अपुरा पडतो. आमचं रिजेक्शन घटलं, प्रमाणपत्रं मिळाली, याचा फायदा त्यांना पहिल्या दिवसापासून होतो. पेमेंट मात्र आमच्या एका ग्राहकाकडून अनेक महिने येत नव्हतं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत लावता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, पण ऑर्डर तुटेल या धास्तीनं लहान उद्योजक तिथं जायला कचरतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या ४३बी(एच) कलमानं थोडा फरक पडला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येत नाही. मार्च जवळ आला की आता समोरूनच फोन येतो. रस्ता आणि अनुदान जितकं गरजेचं, तितकाच हा कायदा गरजेचा आहे, कारण खेळतं भांडवल अडकलं की सेवाशुल्क थकतं आणि सामायिक केंद्रही अडचणीत येतं.

सध्या आमच्यासमोर प्रश्न आहे तो धुळीचा. वाळू घासल्यावर मेलेल्या बेंटोनाइटची बारीक धूळ निघते आणि ती पुन्हा मोल्डमध्ये चालत नाही. पेव्हर ब्लॉकमध्ये किती टक्क्यांपर्यंत घालता येईल याच्या चाचण्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात चालू आहेत. ब्लॉक पुरेसे मजबूत निघाले तर पहिला लॉट केंद्राच्याच आवारात, वजनकाट्यासमोर बसवायचा ठराव संचालक मंडळानं केला आहे. वाळूच्या जड गाड्या त्याच्यावरूनच फिरणार आहेत.