तुम्ही विचारलंत म्हणून: त्वचेच्या आजारात मनाची चौकशी कशाला?

त्वचारोगाच्या ओपीडीत मी समुपदेशनाचे काम करते हे कळले की नागपुरातली बहुतेक माणसे विचारतात, मलम-गोळ्यांनी जे आटोक्यात येते, त्यात मनाची चौकशी कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून नीट उत्तर देते.

सोरायसिस, म्हणजे अंगावर खाजरे, खवल्यांचे चट्टे उठवणारा त्वचेचा आजार, आटोक्यात येतो, पण कायमचा जात नाही. रात्रीच्या खाजेने झोप मोडते, झोपेवाचून मन खचते आणि मनावरच्या ताणाने चट्टे पुन्हा वाढतात; हे चक्र नुसत्या मलमाने थांबत नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तरी कुष्ठरोगाची जुनी धास्ती असलेल्या आपल्या विदर्भात चट्टे दिसताच काही घरांत ताट-पेला वेगळा होतो.

माझी खरी काळजी मात्र ज्यांचे दुःख मोजलेच जात नाही त्यांची आहे. त्वचेच्या आजाराने जगण्यावर किती परिणाम झाला हे पाहण्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेली ‘डीएलक्यूआय’ ही दहा प्रश्नांची पत्रिका जगभर वापरतात. तीत खेळाबद्दल एक प्रश्न आहे. मेसच्या पोळ्या लाटणारी बाई त्याला ‘लागू नाही’ म्हणते, त्याचे गुण शून्य धरले जातात आणि जिचे हाल जास्त, तिचाच आकडा लहान येऊ शकतो. सावळ्या त्वचेचेही तसेच आहे. पुस्तकांतली लाली तिथे जांभळट किंवा करडी दिसते, म्हणून आजाराची तीव्रता कमी लेखली जाते. पुढे चट्टा ओसरला तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, तेव्हा कागदावर ती रुग्ण बरी झालेली असते आणि शेजारणींच्या लेखी नसते.

गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्या बाया जीव घाबरतो, भूक लागत नाही, एवढेच सांगतात. म्हणून मी झोपेपासून सुरुवात करते आणि सोबतचे माणूस बाहेर गेल्यावर जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच दिवशी व्हायला हवी, कारण पुन्हा येण्यात मजुरी बुडते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी चिठ्ठीच्या मागे लिहून देते, तिथे मराठीत बोलता येते. पण घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर त्यावर विसंबून तिला परत पाठवता येत नाही.