चीनमध्ये आपलं देऊळ आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न मी हल्ली हसून टाळतो. दरवर्षी श्रावणात कुणीतरी तो फोटो पाठवतंच: दगडी खांब, त्यावर हिरण्यकश्यपूचं पोट फाडणारा नृसिंह, आणि खाली 'चीनवर हिंदूंचं राज्य होतं' असली काहीतरी आरोळी. चपलांच्या सोलची यंत्रं बघायला मी सहा-सात वेळा त्याच भागात जाऊन आलोय, हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक. मग फोन येतो, "काय हो, तिकडे खरंच आपलं देऊळ आहे का?"

होतं. राज्य नव्हतं, देऊळ होतं. 'आपलं' या शब्दाकडे जरा नंतर येतो.

गावाचं नाव च्वानचौ. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या समोर, फूच्यान प्रांतात. यंत्रांचा बाजार शेजारच्या चिनच्यांगला, म्हणून मी तिकडे. पहिल्या खेपेला तर या गावाबद्दल मला शून्य माहिती होती. अरब व्यापारी याला 'जैतून' म्हणत. जैतून म्हणजे ऑलिव्ह, आणि गावात ऑलिव्हचं झाड औषधालाही नाही. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने हे तेव्हाच लिहून ठेवलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! (हा तोच बतूता, जो दिल्लीहून चीनला निघाला तेव्हा दौलताबाद-नंदुरबारवरून गेला आणि नंदुरबारच्या मराठ्यांच्या कलाकौशल्याची तारीफ करून गेला.) खरी गोष्ट अशी, की दहाव्या शतकात तिथल्या एका अधिकाऱ्याने तटाभोवती 'त्सथुंग' नावाची झाडं लावली, आणि त्या नावाचं अरबांच्या तोंडी जैतून झालं. हे त्सथुंग म्हणजे आपला पांगारा. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलणारा, काटेरी, आमच्याकडे कुंपणाला लावतात तोच. मला तर देवळापेक्षा या पांगाऱ्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

१०८७ साली सोंग राजवटीने इथे सागरी व्यापाराची कचेरी उघडली आणि पुढची अडीच-तीनशे वर्षं गावाने मागे वळून पाहिलं नाही. मार्को पोलो म्हणतो, अलेक्झांड्रियाला मिऱ्याचं एक जहाज जात असेल तर इथे शंभर येतात. फेकतो असं वाटेल, पण १९७४ मध्ये खाडीच्या चिखलातून सोंगकाळातलं एक जहाज वर काढलं. आत आडव्या फळ्या घालून केलेले तेरा कप्पे. एकात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे. त्यात दोन हजार किलोंहून जास्त सुगंधी लाकूड निघालं, शिवाय मिरी, सुपाऱ्या, कवड्या. त्या सुपाऱ्या वाचून मी कोकणातला माणूस उगाच हळवा झालो.

तर देऊळ. १९५६ मध्ये तिथे एक शिलालेख मिळाला. मजकूर तामिळ, शेवटी एक ओळ चिनी. शके १२०३, म्हणजे १२८१ साल. देवगिरीवर तेव्हा रामदेवराव यादव होता. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने मंगोल खानाच्या फर्मानाने शिवाची प्रतिष्ठापना केली, ती खानाला आरोग्य लाभावं म्हणून, असं त्यात आहे. म्हणजे देव तामिळ, राजा मंगोल, जमीन चिनी. धंद्याच्या गावात असं चालायचंच. आता 'आपलं' म्हणताना बघा, तामिळ व्यापाऱ्यांनी समुद्र ओलांडून कमावलेलं आपण किती अलगद खिशात घालतो. आपल्यापैकी कुणी तिथे गेल्याचा कागद निदान मी तरी पाहिलेला नाही.

ते देऊळ आज उभं नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या इराणी पलटणीने बंड केलं. १३५७ ते १३६६, दहा वर्षं मारामाऱ्या चालल्या. बंड मोडल्यावर परदेशी दिसणाऱ्यांची कत्तल झाली आणि त्यांची प्रार्थनास्थळं, थडगी फोडली गेली. घडवलेला दगड कोण टाकून देतो? तो शहराच्या तटात चिणला. गेल्या शतकात रस्ते रुंद करायला तो तट पाडायला घेतला, तेव्हा एकेक दगड बाहेर यायला लागला: कुराणातल्या अरबी आयती कोरलेला, कमळावर क्रूस असलेला, शिवलिंगाला फूल वाहणारा हत्ती. गवंड्यांच्या लेखी तो नुसता दगड. वू वनल्यांग नावाचा एक शाळामास्तर मात्र पदरमोड करून ते गोळा करत राहिला आणि पुढे त्याने सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. त्यातलं बरंच आज तिथल्या सागरी संग्रहालयात आहे. मला विचाराल तर फोटोखाली त्या मास्तरांचं नाव हवं.

तुमच्या फोटोतला खांब मात्र संग्रहालयातला नाही. तो कायुआन या बौद्ध मंदिरात, मुख्य सभामंडपाच्या मागच्या ओसरीवर आहे. सोळा बाजूंचे असे दोन खांब. नृसिंह आहे, यमलार्जुन वृक्षांमधला कृष्ण आहे. मंदिराच्या दुरुस्तीत कुणीतरी हाताशी असलेले खांब बसवून दिले आणि ते छप्पर तोलत राहिले. मी गेलो तेव्हा एक आजी नृसिंहाला पाठ टेकून मोबाइलवर बोलत होत्या.

त्या मंदिराची दंतकथाही ऐका. सातव्या शतकात तिथे एका रेशीमवाल्याची तुतीची बाग होती. एका भिक्षूने जमीन मागितली. नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून हा म्हणाला, "तुतीला कमळं आली तर देतो." आली! एक जुनं तुतीचं झाड कुंपण घालून आजही दाखवतात.

पण दंतकथांमध्ये माझी लाडकी लुओयांग पुलाची. ११व्या शतकात त्साय श्यांग या सुभेदाराने खाडीच्या मुखावर पूल बांधायला घेतला. भरतीचा जोर एवढा, की पाया टिकेना. त्याने समुद्राच्या नागराजाला पत्र लिहिलं आणि दरबारात विचारलं, "समुद्रात कोण उतरेल?" चिनीत हे शब्द आणि तिथल्या एका शिपायाचं नाव यांचा उच्चार एकच. बिचारा 'हजर' म्हणून पुढे आला आणि अडकला. किनाऱ्यावर झोपला, उठून बघतो तर लखोट्यात उत्तर. एकच अक्षर: व्हिनेगर. सगळे चक्रावले. चिनी अक्षर लहान तुकडे जोडून बनतं; त्साय श्यांगने ते तुकडे फोडून वाचलं: एकविसावा दिवस, संध्याकाळचा प्रहर. त्या दिवशी त्या वेळी अशी ओहोटी लागली, की पाया घालून झाला.

खरा उपाय मात्र नागराजाला सुचला नसता. आधी खाडीच्या तळाशी पुलाच्या रेषेत दगडांची रास ओतली, वर खांब रचले, आणि दगडांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, वाढू दिली. कालव दगडाला कसं धरतं, हे ओहोटीला कोयती घेऊन गेलेल्यालाच कळेल; माझ्या बोटांवर वळ आहेत अजून. त्या कालवांनी दगड एकमेकांना सांधले. १०५३ ते १०५९, सहा वर्षांत पूल पुरा झाला, आणि पुढे अनेकदा डागडुजी होत आजही माणसं त्यावरून चालतात.

२०२१ मध्ये युनेस्कोने च्वानचौला जागतिक वारसा ठरवलं. यादीत २२ ठिकाणं आहेत: पूल, मंदिर, मशीद, आणि ज्यात मानी या इराणी धर्मसंस्थापकाची मूर्ती लोक बुद्ध म्हणून पुजतात ते छोटं देऊळही.

मूर्तीवरून आठवलं. चिनच्यांगजवळ छदियन नावाचं खेडं आहे. तिथल्या देवळीत एक दगडी देवी मांडी घालून बसलेली, चार हात, पायाशी राक्षस. आमच्या यंत्रवाल्याने गाडी थांबवून मुद्दाम दाखवली. "ही आमची क्वानयिन," म्हणाला; म्हणजे चिनी बौद्धांची करुणेची देवी. मी काही बोललो नाही. त्याने तीन उदबत्त्या पेटवल्या, त्यातली एक माझ्या हातात दिली.