मतदार कमी, मतं जास्त

आमच्याकडे सध्या जुन्या विधानसभा निवडणुकांचे आकडे एक्सेलमध्ये चढवायचं काम चाललंय, म्हणजे निवडणूक आयोगाच्या रिपोर्टची स्कॅन केलेली पानं उघडायची आणि उमेदवार, पक्ष, मतं टाइप करत बसायचं. परवा १९५७ चं मुंबई राज्य घेतलं, ते मराठी-गुजराती द्वैभाषिक, विदर्भ मराठवाड्यापासून सौराष्ट्र कच्छपर्यंत सगळं एकत्र, ३९६ जागा. जेवणानंतर नवीन जॉइन झालेली पोरगी तावातावाने आली, "सर, घोटाळा आहे, मतदार कमी आणि मतं जास्त! वर दोघं निवडून आलेत."

घोटाळा कसला, तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य असायचे. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव, उमेदवार सगळे एकाच यादीत आणि प्रत्येकाला दोन मतं, फक्त दोन्ही एकालाच द्यायची नाहीत. आधी राखीव उमेदवारांतला जास्त मतांचा निवडून यायचा, मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे तो. "मग दोघंही राखीवमधलेच आले तर?" आले की! त्याच वर्षी लोकसभेला आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि पडले कोण, तर व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच. सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही हरले. १९६१ ला कायदा करून हा प्रकार बंद केला.

आता मतदानाच्या टक्केवारीचं काय? आमचे टीम लीड म्हणाले एकूण मतं दोनने भागा आणि मोकळे व्हा. अहो पण कित्येकांनी एकच मत टाकलं असणार, ते किती हे मतांच्या बेरजेवरून कसं कळणार? शेवटी तेवढे सेल रिकामे सोडले, मला तरी तेच बरोबर वाटतं.

तोवर दुसरी बोंब. क्लायंटला संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार वेगळे काढून हवे होते, फिल्टर लावला तर शून्य. कारण समिती ही आघाडी, यादीत कोणी प्रजासमाजवादी, कोणी शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), कोणी कम्युनिस्ट, कोणी शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, बाकी अपक्ष. आचार्य अत्रे दादरमधून समितीचे म्हणून आले हे आमच्या आजीलाही पाठ होतं, पण रिपोर्टच्या पक्षाच्या रकान्यात समितीच नाही! आणि सगळे अपक्ष काही समितीचे नव्हेत. म्हटलं त्या वेळच्या पेपरांच्या फायली काढून एकेक नाव ताडून बघावं लागेल, वेगळा कॉलम करू. क्लायंट म्हणाला, करा, पण ठरलेल्या रेटमध्येच.